माहेरच्या विरोधातलं पत्रक

तुमच्या घरातली बाई पहिल्या बाळंतपणाला कुठे राहणार, हे कोणी ठरवलं? लगेच उत्तर देऊ नका. "आम्ही दोघांनी मिळून" असं म्हणणार असाल, तर आधी तिच्याकडे बघून म्हणा. मीही तेच म्हणत होतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये म्हणालो, बुधवारा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर म्हणालो, छापूनसुद्धा वाटलं. आता हे लिहिताना कान तापतात.

माझी बायको फोपनार गावची. शहरात लोधीपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या खोल्यांतून निघालं की तासाभरात माणूस तिच्या आईच्या ओट्यावर. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या की तिची बोली बदलायची. माझ्याशी 'मला, तुला' म्हणणारी बाई रिक्षावाल्याला 'मले इथंच उतरव' म्हणायची आणि आवाज दुप्पट मोठा व्हायचा. मला ते गमतीचं वाटायचं. ती तिथे मोकळी होते आणि माझ्याकडे जपून बोलते, असा त्याचा अर्थ लावायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

आठवा महिना लागला तेव्हा सासूबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत जुन्या धोतरांचे मऊ तुकडे, लंगोटांसाठी.

"जवाईबुवा, गाडी कव्हा पाठवू? आता का नववा लागल्यावर?"

"गाडी नको, आई. बाळंतपण इथेच करायचं."

"इथं? इथं कोन हाय तिच्याजवळ?"

"मी आहे ना."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुम्ही? तुम्ही काय दूध पाजसान का?"

मी हसलो नाही. मी त्यांना समजावून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत म्हणजे नवऱ्याला दिलेली पळवाट आहे. मूल दोघांचं आणि जागरण मात्र मुलीच्या आईचं. तीन महिन्यांनी बाप येतो, मऊ मऊ झालेलं बाळ उचलतो आणि फोटो काढून घेतो. मी चांगला बोलतो, हे मला माहीत आहे. सासूबाई ऐकत राहिल्या आणि शेवटी लेकीकडे वळल्या. ती स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेऊन उभी होती.

"तुहं काय म्हननं हाय गं?"

"आमचं ठरलंय," मी म्हणालो.

पळीतून वरणाचा एक थेंब फरशीवर पडला. तो पुसायला ती आत गेली, फडकं घेऊन आली आणि खाली वाकली. आठव्या महिन्यातली बाई खाली वाकते तेव्हा तिला किती त्रास होतो, यावर मी लिहिलेलं होतं. त्या वेळी मात्र मी सासूबाईंशी बोलण्यात गुंतलो होतो.

आमचं ठरलं होतं म्हणजे कसं, तेही सांगतो. एका संध्याकाळी मी तासभर तिला माहेरच्या या रीतीमागचं अर्थकारण आणि पुरुषसत्ता समजावून सांगितली, आणि मग विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "तू म्हणतोस ते बरोबरच असेल." हीच मी संमती धरली. तिने मला 'अहो' म्हणू नये, 'अरे' म्हणावं, हाही आग्रह माझाच. लग्नानंतर सहा महिने ती अडखळत होती, मग सवय झाली. आमच्या घरात बायको नवऱ्याला 'अरे' म्हणते, हे मी लोकांना अभिमानाने सांगायचो.

मी असा का झालो याचं कारण आहे, पण ते सबब म्हणून मांडत नाही. माझे वडील महाराष्ट्रातून सीमेपलीकडे, इकडच्या कागद कारखान्यात आले आणि कामगार संघटनेत गेले. वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये पत्रकांचे गठ्ठे असायचे. पलंगाखाली, पिठाच्या डब्यावर, कपाटावर. अक्षरओळख मला पत्रकांवरून झाली. 'कामगार' हा मी वाचलेला बहुधा पहिला शब्द. पत्रकाची घडी बरोबर मध्यावर घालायची आणि मजकूर बाहेरच्या बाजूला ठेवायचा, हे मला पाचव्या वर्षी येत होतं. माझा जन्म आईच्या माहेरी झाला. वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तीन महिन्यांचा होतो आणि त्यांना बघून रडलो. ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला हसत हसत सांगितली जायची. "हा कोण आला म्हणून बघत होता," असं आई म्हणायची आणि वडील मान खाली घालून चिवडा खायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा. मी तसा बाप होणार नाही, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं.

म्हणून पत्रक काढलं. मथळा होता, 'बापांनो, बाळंतपणातून पळू नका!' मराठीत एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू कोरी. त्यातली बरीच वाक्यं मला आजही बरोबर वाटतात. पण छापायला देण्याआधी त्याचं प्रूफ मी बायकोला तपासायला दिलं होतं. तिचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे. खुर्चीत पाठीला उशी लावून, पोटावर वही ठेवून तिने ते वाचलं आणि पेन्सिलीने दोन दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व केल्या. "बाकी ठीक आहे," म्हणाली. ज्या बाईला आईकडे जायचं होतं, तिच्याकडून मी आईकडे न जाण्याच्या पत्रकातल्या चुका काढून घेतल्या.

मुलगी झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलो. मी शाळेतून पंधरा दिवसांची रजा घेतली होती. बुधवाऱ्यातून दराबा आणून जिन्यातल्या प्रत्येक घरी वाटला, आणि मिठाईच्या प्रत्येक पुड्याखाली एक पत्रक ठेवलं. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. स्वयंपाक मी, केर-फरशी मी, बाळाची अंघोळ मी, लंगोट-दुपटी धुणं मी. तिच्या रकान्यात एकच शब्द होता, दूध.

लंगोट धुण्यात मला विशेष गोडी लागली. गच्चीवर बादली घेऊन बसायचं, साबण लावून चोळायचं, तीनदा खळबळून काढायचं, पिळून दोरीवर ओळीने टाकायचं. पहिल्याच सकाळी दोरीवर अकरा लंगोट होते. मी फोटो काढला, 'बापाची दोरी' असं लिहून स्टेटसला टाकला. दुपारपर्यंत फोन हातातून खाली ठेवता आला नाही. शाळेतल्या मॅडम लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एका सहकाऱ्याने लिहिलं, "सर, हफ्ते में एक दिन हमारे घर भी आ जाइए, हमारी मिसेस आपका सत्कार करेगी." घरमालकीण काकू समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्या ओरडून म्हणाल्या, "ओ मास्तर! आमच्या ह्यांना पाठवू का शिकायला? पन्नास वर्षं झाली, रुमालसुद्धा पिळला नाही कधी!"

"पाठवा, काकू! क्लास फुकट आहे!"

आम्ही दोघं हसलो. खाली खोलीत बायको बाळाला घेऊन एकटी बसली होती.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी सासूबाई आल्या, डिंकाचे लाडू, टोपडी, झबली घेऊन. राहायच्या तयारीनेच आल्या होत्या. पिशवीत त्यांचं लुगडं दिसत होतं. मी म्हणालो, "राहा ना, आई. पण काम काही करायचं नाही. पाहुण्यासारखं बसायचं." मला वाटलं मी त्यांचा मान ठेवतोय. त्यांनी तेलाची वाटी कोमट केली, मी सांगितलं, नाकात-कानात तेल घालायचं नाही. त्यांनी काजळाची डबी काढली, मी ती परत पिशवीत ठेवली. या दोन्ही गोष्टींत माझंच बरोबर होतं. पण त्या लेकीजवळ बसल्या की मी चहा घेऊन जायचो, मग पाणी घेऊन जायचो, मग बाळाचं दुपटं बदलायला जायचो. आई आणि लेक दार लोटून अर्धा तास बोलल्या असत्या, तर बहुधा त्याच दिवशी सगळं निस्तरलं असतं. मी त्यांना तेवढा वेळ मिळूच दिला नाही. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "जातो मी. इथं माह्यं काय काम?" बायको बाळाला खांद्यावर टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिली. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही ती बराच वेळ तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "दूध पुरत नाही असं वाटतंय रे. आणि पाजताना फार दुखतं."

मी काय केलं असेल? कपाटातून स्तनपानावरचं एक जुनं पत्रक काढलं आणि पलंगाच्या कडेला बसून तिला वाचून दाखवलं. दूध पुरत नाही हा बहुतेक वेळा गैरसमज असतो, आईने आत्मविश्वास ठेवावा, वगैरे. मजकूर चुकीचा नव्हता. ती डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" तिने मान हलवली. दुखतंय ते कुठे, किती, बाळाने तोंडात नीट धरलंय का, हे मी विचारलं नाही. मला ते विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्यानंतर ती दुधाबद्दल माझ्याशी बोलली नाही.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. बाळंतिणीच्या घरी जाऊन चौकशी करायची, हे त्यांचं काम. हातात त्यांची वही. दार मी उघडलं.

"बाळ दूध पितंय का?"

"पितंय ना, व्यवस्थित."

"दिवसातून लघवी किती वेळा?"

"अहो, लंगोट मीच धुतो," मी हसून म्हणालो, "मला नाही तर कोणाला माहीत असणार? भरपूर."

"बाळंतिणीला जरा बघून जाते."

"झोपलीय. तिला विश्रांतीची गरज आहे." आणि मी त्यांच्या हातात माझं पत्रक दिलं. त्यांनी ते वाचलं. "असा बाप पाहिला नाही, भाऊ," असं म्हणून त्या खाली उतरल्या. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. आत बायको जागी होती. आमचा एकेक शब्द तिला ऐकू येत होता.

या दिवसांत बाळ शांत झालं. आधी ओरडून घर डोक्यावर घ्यायचं, आता झोपून असायचं. भेटायला येणाऱ्यांना मी त्याचंही श्रेय घरच्या वातावरणाला द्यायचो. "घरात ताण नसला की मूल रडत नाही," असं मी एका जोडप्याला सांगितल्याचं स्पष्ट आठवतं. त्यातली बाई बाळाकडे बघत राहिली होती. आता वाटतं, तिला काहीतरी दिसलं होतं. पण मी इतका बोलत होतो की तिला बोलायला फटच मिळाली नसणार.

आणि लंगोट कमी झाले. अकराचे आठ झाले, मग सहा. मी स्वतः धुवत होतो. माझ्याच हातांनी पिळत होतो, माझ्याच हातांनी चिमटे लावत होतो. माझं काम लवकर उरकू लागलं आणि मला वाटलं, हात बसला. नवव्या सकाळी दोरीवर चार लंगोट होते आणि मागे छान कोवळं ऊन पडलं होतं. मी फोटो काढला आणि लिहिलं, 'सराव झाला की काम हलकं होतं.'

तो फोटो मी नंतर पुसून टाकला. पण ते वाक्य इथे लिहून ठेवतोय.

दोन तासांत सासूबाई दारात हजर. फोन नाही, निरोप नाही. त्यांच्याकडे साधा फोन आहे. माझं स्टेटस त्या धाकट्या मुलाच्या फोनवर रोज सकाळी बघायच्या. लेक दिसत नाही तर निदान लेकीच्या घरची दोरी दिसते, म्हणून. धापा टाकत जिना चढल्या आणि चपला न काढता थेट गच्चीकडे बोट केलं.

"दोरीवर चारच काहून?"

"आई, बसा तरी. पाणी..."

"पानी ऱ्हाऊ द्या. चारच काहून हायेत लंगोट?"

"आता सराव झालाय ना मला," मी म्हणालो.

"सराव तुमचा झाला, जवाईबुवा. पोरगी मुतते किती?"

मी दोरीकडे वळून पुन्हा चार मोजले. त्या आत गेल्या. बाळ निपचित होतं. त्यांनी टोपडं मागे सारून टाळूवर बोट ठेवलं. टाळू आत गेली होती. ओठांना हात लावून पाहिला, ते कोरडे होते. तळपायावर टिचकी मारली. बाळाने डोळे उघडले नाहीत, नुसता पाय जरा आखडला.

"कव्हापासून?" त्यांनी लेकीला विचारलं.

"तीन दिवस झाले, आई."

"सांगतलं काहून नाही कोनाले?"

"सांगितलं होतं," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

सासूबाईंनी मात्र पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी बाळाला पदरात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "रिक्षा आना."

दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, किती वेळा पाजलं, किती वेळ ओढतं, शेवटची लघवी कधी. मी सुरुवात केली, "मॅडम, असं आहे की..."

"आप रुकिए. मम्मी बताएगी."

आणि बायको बोलायला लागली. सगळं तिच्या तोंडपाठ होतं. कोणत्या दिवशी कोणत्या वेळी बाळाने धरलं, किती लवकर सोडलं, कधी रक्त आलं, आदल्या दिवशी सकाळपासून लंगोट किती ओले झाले, त्यातला कोणता नुसता दमट होता. ती थांबत थांबत, क्रमाने सांगत होती. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. माझ्या घरात नऊ दिवस काय चाललं होतं, हे मला पहिल्यांदा कळत होतं, तेही ती दुसऱ्या कोणाला सांगत होती म्हणून.

बाळाला काट्यावर ठेवलं. जन्माच्या वेळी पावणेतीन किलो, आता दोन किलो तीनशे. "सूख गई है बच्ची," डॉक्टर म्हणाल्या. "भरती करना पड़ेगा. अच्छा किया आज ही ले आए." त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं. आज आणणारी बाई माझ्या शेजारी उभी होती, तिच्या पायांना अजून फोपनारचा चिखल होता. मी डॉक्टरांची चूक दुरुस्त केली नाही. हेही लिहायलाच हवं.

बाळाला सलाईन लावलं. बायकोला दूध येत होतं. बाळ ते नीट धरत नव्हतं, एवढीच अडचण होती. वॉर्डातल्या सिस्टरने स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसून पाठीला उशी कशी द्यायची, बाळाचं डोकं कुठे आणि पोट कुठे, तोंड किती मोठं उघडेपर्यंत थांबायचं, सगळं हाताला हात लावून दाखवलं. तोवर दूध वाटीत काढून चमच्याने पाजायचं. मी पुढे होऊन बघायला लागलो तशी सिस्टर म्हणाली, "जेंट्स बाहर." मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. माझ्या रकान्यांच्या वेळापत्रकात या अर्ध्या तासाला जागाच नव्हती. सासूबाई पिशवीत लुगडं घेऊन राहायला आल्या होत्या ते ह्यासाठीच.

बाकावर शेजारी एक माणूस होता. "पहला है?" त्याने विचारलं.

"हां."

"मेरा भी. घरवाली मायके में थी, मैं तो आज सुबह ही पहुँचा."

माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात त्याच्यासाठीच लिहिलेली पन्नासेक पत्रकं होती. त्याने बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी एक घेतलं आणि खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ सासूबाईंच्या मांडीवर मुतलं. लुगडं चांगलं ओलंचिंब झालं. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. "घ्या! झाली जिती पोरगी!" बायकोही हसली आणि हसता हसता रडायला लागली. सासूबाईंनी तिचं डोकं ओल्या लुगड्यालाच टेकवून धरलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तिथे माझी कोणाला गरज नव्हती.

दवाखान्यातून सोडल्यावर बायको म्हणाली, "मी फोपनारला जाते."

"हो हो, मीही येतो. रजा वाढवून घेतो, तिथेच राहून मी..."

"नको. तू रविवारी ये."

मी त्यांना गाडीत बसवलं. सासूबाई पुढे बसल्या, ती मागे बाळाला घेऊन. मी पिशव्या ठेवल्या आणि दार लावलं. गाडी निघाली तेव्हा ती बाळाच्या तोंडाकडे बघत होती.

मला वाटलं होतं, लाज वाटली की माणूस लगेच सुधारतो. रजा संपवून शाळेत गेलो, तर स्टाफरूममध्ये तोच सहकारी म्हणाला, "क्यों सर, मायके भेज दिया? क्रांति का क्या हुआ?" सगळे हसले. मी म्हणालो, डॉक्टरांनी हवापालट सांगितला आहे. एवढं साफ खोटं बोलून मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेलो. माझ्या चुकीने मुलगी दवाखान्यात होती, हे सांगायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत माझं पत्रक वाचून किती जणांनी आपल्या बायकांना थांबवून घेतलं असेल, मला माहीत नाही. एकाने तरी घेतलंच असेल.

पहिल्या रविवारी फोपनारला गेलो. सासूबाईंनी ताट वाढलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि जेवून हात धुतो न धुतो तोच बाळ माझ्या हातात दिलं. "धरा. मान सांभाळा." बायको आतल्या खोलीत झोपली होती. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, एक पाय चादरीबाहेर. लोधीपुऱ्यातल्या नऊ दिवसांत मी तिला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिला विश्रांतीची गरज आहे, असं मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, पण ती झोपते का, हे आत जाऊन बघितलं नव्हतं.

ती उठल्यावर मी ओट्यावर तिच्याशेजारी बसलो. वाक्यं तयार करूनच आलो होतो. "मला तुझी माफी..."

"माफी नको मागू."

"का?"

"पुन्हा भाषण सुरू होईल."

मग विचारलं, "काय करू मग?"

"तिला घेऊन बस. मी केस धुऊन येते. आणि रडली तर लगेच काही करू नको, आधी बघ, तिला काय पाहिजे ते."

ती केस धुवायला गेली. अंगणाच्या टोकाशी न्हाणी, तिथून तिचा आणि तिच्या आईचा आवाज येत होता, मोठमोठ्याने, मले-तुले करत, कोणाच्या तरी सुनेची नक्कल चालली होती. बाळ रडलं. मी बघत राहिलो. तिने तोंड वळवून माझ्या बोटाशी ओठ नेले, तेव्हा मी तिला उचलून न्हाणीशी तिच्या आईकडे नेलं. एवढंच आलं मला त्या दिवशी.

ठरल्यापेक्षा पंधरा दिवस जास्त राहणार, हे तिने फोनवर कळवलं. मी "बरं" म्हणालो आणि जीभ आवरली. ती परत आली तेव्हा मुलीला गालगुच्चे घेता येतील एवढे गाल आले होते. आमच्यात सगळं पूर्ववत झालं असं मी लिहिणार नाही. पूर्वी जे होतं ते तिला कितपत हवं होतं, हे मला ठाऊक नाही. ती आता मधूनच माझं बोलणं तोडते. "थांब, मला बोलू दे," म्हणते. हे लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "लिही. पण नाव कोणाचं नको. आणि मी फार सोशिक होते असं नको लिहू, मला राग आला होता."

तिला राग आला होता.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, नात्यात, ऑफिसातल्या कोणाच्या तरी घरी या आठवड्यात एखादी बाळंतीण असेल. तिच्याकडे जा. टोपडी-झबली नेली नाहीत तरी चालेल, सल्ला तर नेऊच नका. तिच्या खाटेजवळ बसा आणि तिलाच विचारा, दुखतं का, बाळ ओढतं का, दिवसभरात किती वेळा ओलं होतं. तिला सांगायला वेळ लागेल, तेवढा लागू द्या. काही बिनसलंय असं तिला वाटत असेल, तर रिक्षा बोलवा. आणि तिच्याऐवजी तिचा हौशी, शिकलेला, चांगला बोलणारा नवरा उत्तर द्यायला लागला, तर त्याला खोलीबाहेर काढा आणि दार लोटून घ्या.